सीमाभागातील रक्तक्षय : गोळी गावात, बाई गावाबाहेर

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुरगी जिल्ह्यातील आळंद हे तालुके नकाशावर कर्नाटकात असले, तरी तेथील माणसांचे रोजचे व्यवहार एका राज्यात मावत नाहीत. औरादची सोयरीक उदगीर-देगलूरशी जुळते, आळंदची अक्कलकोट-उमरग्याशी. मोठ्या दवाखान्यासाठी कोणी सोलापूर गाठतो, कोणी हैदराबाद. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर हे बीदर जिल्ह्यातच होते. सीमा नंतर आली, नाती आधीची आहेत. या मुलखात मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि लमाणी या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. ‘अंगात रक्त नाही’ ही तक्रार यांतील प्रत्येक भाषेत आहे आणि ती बहुतेक वेळा बाईच्याच तोंडी असते. तिला कोणी आजार मानत नाही. काम जास्त झाले, जागरण झाले, बाळंतपणाने अंग मोडले, अशी कारणे घरात तयार असतात.

या तक्रारीचे वैद्यकीय नाव रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया. भारतात त्याविरुद्धची पहिली राष्ट्रीय योजना १९७० मध्ये सुरू झाली. पुढील पन्नास वर्षांत योजनांची नावे बदलली, गोळ्यांचे रंग बदलले, उद्दिष्टे नव्याने आखली गेली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण ५३.१ टक्के होते. कर्नाटकात ते ४४.८ वरून ४७.८ टक्क्यांवर गेले, महाराष्ट्रात ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर, तेलंगणात ते ५७.६ टक्के आहे. बीदर आणि कलबुरगी ही या तीन राज्यांच्या सांध्यावरची ठाणी आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांची स्थिती आणखी गंभीर आहे. कर्नाटकात अशा मुलांपैकी ६५.५ टक्के, तर महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय नोंदला गेला.

या आकड्यांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. या सर्वेक्षणात बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबावर तपासणी होते. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या मुलांमधील प्रमाण ४१ टक्के निघाले होते. या वादामुळे सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळण्यात आली आणि ते काम शिरेतील रक्तावर आधारलेल्या स्वतंत्र आहार-सर्वेक्षणाकडे सोपविण्यात आले. मोजमाप सुधारणे योग्यच आहे. मात्र सौम्य अंदाज धरला तरी पाचांपैकी दोन बालके रक्तक्षयग्रस्त ठरतात. काट्याच्या अचूकतेवर चर्चा चालू असताना उपायाची निकड कमी होत नाही.

लक्षणे सवयीची होतात

रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोचविते आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. दर डेसिलिटर रक्तात गरोदर स्त्री व पाच वर्षांखालील मूल यांच्यात ११ ग्रॅम, इतर स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर सर्वसाधारणपणे रक्तक्षय मानला जातो. गरोदरपणी ते सातच्या खाली गेल्यास अवस्था गंभीर समजतात. अशा वेळी केवळ गोळ्यांवर भिस्त न ठेवता रुग्णालयातच उपचार घ्यावे लागतात.

हा आजार हळूहळू येतो आणि त्यामुळेच तो ओळखू येत नाही. शरीर कमी रक्तावर निभावून न्यायला शिकते. पूर्वी एका दमात विहिरीवरून आणलेली घागर वाटेत टेकवावी लागते, चढावर धाप लागते, छातीत धडधडते, डोके दुखते, चक्कर येते. पापणीच्या आतील भाग, जीभ आणि नखे फिकट दिसतात. पुढे नखे पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात. माती, पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे तर लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण. घरात मात्र त्याची चेष्टा होते किंवा डोहाळे म्हणून ते सोडून दिले जाते. मुलांमध्ये चिडचिड, वारंवार आजारपण आणि अभ्यासात लक्ष न लागणे ही चिन्हे दिसतात. पहिल्या दोन वर्षांत लोह कमी पडल्यास मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम नंतरच्या उपचारांनी पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.

ताटातील हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाच्या आहारात १९ मिलिग्रॅम लोह असावे. मासिक पाळीमुळे स्त्रीची गरज अधिक आहे. पण घरोघरच्या पंक्तीत ती शेवटी बसते आणि उरलेले खाते.

या भागाचे पारंपरिक अन्न ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी असे होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक-तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, तूरडाळीतही जवळपास तेवढेच. सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र ते पाऊण मिलिग्रॅमही भरत नाही. दिवसाकाठी ४०० ग्रॅम ज्वारी खाणाऱ्या बाईच्या पोटात तिच्यातून सुमारे १६ मिलिग्रॅम लोह जाते. तेवढाच तांदूळ खाल्ल्यास तीन मिलिग्रॅमसुद्धा जात नाही. जुलै २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘अन्नभाग्य’ योजनेने कर्नाटकातील गरिबांच्या घरातील उपासमारीची भीती दूर केली, हे तिचे मोठे यश. परंतु स्वस्त तांदूळ हातात असताना ज्वारी पिकविणे, कांडणे, थापणे मागे पडत जाते आणि पोट भरूनही रक्त भरत नाही, हा त्या यशाचा दुसरा भाग आहे.

कलबुरगी हे तुरीचे कोठार म्हणून ओळखले जाते आणि येथील तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या डाळीचे वरण पिकविणाऱ्याच्याच घरी पातळ व्हावे, ही विसंगती सरकारच्याही ध्यानात आलेली दिसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने अतिरिक्त पाच किलो तांदळाऐवजी तूरडाळ, खाद्यतेल, साखर आणि मीठ यांचा आहार-संच देण्याचा निर्णय घेतला. पोषणाच्या दृष्टीने ही दिशा योग्य आहे.

तरीही ताटात लोह असणे आणि ते अंगी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धान्य-कडधान्यांतील लोहापैकी अल्प भागच शरीर शोषून घेते. त्यांतील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला अडवितात. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व हा अडसर बराच दूर करते. म्हणून जेवणावर लिंबू पिळणे, आंबविलेली अंबील घेणे, डाळी मोड आणून वापरणे आणि जेवणानंतर निदान तासभर चहा टाळणे हे बिनखर्चाचे उपाय खरोखर परिणामकारक ठरतात. मांस, मासळी व कलेजीतील लोह अधिक सहज शोषले जाते; ज्यांना ते चालते त्यांनी आठवड्यातून काही वेळा खाल्ले तरी फरक पडतो.

याच संदर्भात १ डिसेंबर २०२१ पासून बीदर, कलबुरगी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजयपुरा या सात जिल्ह्यांच्या शाळांत माध्यान्ह भोजनात अंडे देण्यास सुरुवात झाली. कुपोषण आणि रक्तक्षयाचे मोठे प्रमाण हे त्यामागचे जाहीर कारण होते. काही धार्मिक संस्थांनी विरोध केला. अंडे न खाणाऱ्यांसाठी केळ्याचा पर्याय ठेवून योजना चालू राहिली आणि नंतर राज्यभर लागू झाली. गदगच्या ग्रामविकास व पंचायतराज विद्यापीठाच्या पाहणीत अंडी मिळालेल्या यादगीरच्या मुलांच्या वजनात गदगच्या मुलांपेक्षा अधिक वाढ दिसली. मात्र अंड्यातील लोह फारसे शोषले जात नाही. त्याचे मोल उत्तम प्रथिने आणि बी-१२ जीवनसत्त्व यांसाठी आहे. बी-१२ आणि फॉलिक ॲसिड यांच्या अभावीही रक्तक्षय होतो. म्हणून अंडे हवेच, पण ते लोहाच्या गोळीची जागा घेत नाही.

रक्त कोठे जाते

ताटाचा हिशेब मांडताना रक्त कोणत्या वाटांनी जाते हे पाहिले जात नाही. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर पडते. पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीचे महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह जाते. रोज दहा मिलिग्रॅम लोह खाणाऱ्या आणि त्यातील आठ टक्के शोषणाऱ्या स्त्रीला महिनाभरात मिळतात अवघे २४ मिलिग्रॅम. ही तूट दर महिन्याला साचत जाते. गरोदरपणात एकंदर सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोहाची भर लागते. अंगात साठाच नसताना मुलगी लवकर विवाहित झाली आणि दोन बाळंतपणांतील अंतर कमी राहिले, तर ती तूट भरून निघण्यास अवधीच मिळत नाही. पाचव्या फेरीनुसार कर्नाटकातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. त्यातच उघड्यावरील शौच आणि अनवाणी शेतकाम यांमुळे आकडीकृमी शरीरात शिरतात व आतड्यातून रक्त शोषत राहतात.

पाळीच्या अतिस्रावाकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, याचा धडा कलबुरगीनेच देशाला दिला आहे. २०१५ च्या सुमारास या जिल्ह्यातील लमाणी तांड्यांतील आणि दलित वस्त्यांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये खासगी रुग्णालयांत अनावश्यकपणे काढली गेल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. पोटदुखी, श्वेतपदर किंवा अधिक रक्तस्राव अशा, औषधांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. चौकशा झाल्या, काही रुग्णालयांवर परवाने रद्द करण्याची कारवाई झाली. सीमेपलीकडे बीडमध्येही हेच चित्र होते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहिलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दोन राज्यांतील या घटनांचे मूळ एकच आहे. पाळीची तक्रार ऐकून घेणारी, रक्त तपासणारी आणि साधे औषध देणारी सरकारी व्यवस्था जवळ नव्हती. जवळ होती ती शस्त्रक्रिया.

गोळीचा प्रवास सीमेवर थांबतो

२०१८ मध्ये सुरू झालेले ‘ॲनिमियामुक्त भारत’ अभियान कागदावर नेटके आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाला आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध, प्राथमिक शाळेतील मुलांना दर आठवड्याला गुलाबी गोळी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी आणि स्त्रियांना लाल. गरोदरपणी रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी किमान १८० दिवस, प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता तीन मिनिटांपर्यंत थांबणे. कर्नाटकाने २०२३ मध्ये याला राज्याच्या स्वतंत्र मोहिमेची जोड दिली. यांतील प्रत्येक उपाय शास्त्राला धरून आहे.

अडचण ‘१८० दिवस’ या शब्दांत आहे. सीमाभागातील गरोदर स्त्री सलग १८० दिवस एका उपकेंद्राच्या हद्दीत राहते, असे ही रचना गृहीत धरते. प्रत्यक्षात दसरा-दिवाळीच्या सुमारास तांडे रिकामे होऊ लागतात. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, कोणी हैदराबादला, कोणी गोव्याला. जी मागे राहते तीही सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते आणि माहेर अनेकदा दुसऱ्या राज्यात असते. औरादच्या उपकेंद्रात नोंदलेली सून उदगीरला प्रसूत होते. तिचे कर्नाटकातील ‘तायी कार्ड’ कन्नडमध्ये, तर उदगीरच्या परिचारिकेच्या हाती असलेले कार्ड मराठीत. आधीचे हिमोग्लोबिन किती होते, किती गोळ्या पोटात गेल्या, शिरेतून लोह देण्याचे ठरले होते का, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते. प्रसूतीच्या दिवशी हा प्रश्न कागदपत्रांपुरता राहत नाही. निरोगी स्त्री सहन करू शकेल एवढा रक्तस्रावही सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो आणि तिच्यासाठी रक्ताची तजवीज आधीच करून ठेवावी लागते.

गोळी मिळूनही ती न घेण्याची कारणे वेगळी आहेत. मळमळ होते, बद्धकोष्ठ होतो, शौच काळी होते, मूल काळे होईल किंवा फार वाढेल अशी भीती घातली जाते. शौच काळी होणे अपेक्षित आणि निरुपद्रवी आहे. मळमळ टाळण्यासाठी गोळी रात्री जेवणानंतर घेता येते. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही अंगातील साठा भरण्यासाठी ती काही महिने चालू ठेवावी. ही चार वाक्ये घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत सांगितली गेली, तर पाकीट कपाटात पडून राहण्याची शक्यता बरीच कमी होते. मराठी घरात कन्नड पत्रक आणि लमाणी तांड्यावर दोन्हींपैकी कोणतेही पत्रक सारखेच मुके असते. महिनाभर गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर गोळ्या नुसत्या वाढवीत न बसता अतिस्राव, जंत, बी-१२ ची कमतरता, जुनाट संसर्ग किंवा थॅलसेमियासारखा आनुवंशिक दोष यांचा शोध घ्यावा लागतो.

शिधा फिरतो, नोंद का नाही

‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. औरादच्या मजुराला आपला केंद्रीय शिधा वास्कोच्या दुकानातून उचलता येतो. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्येही लाभार्थीचे नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वळविण्याची सोय आहे. मात्र हिमोग्लोबिनच्या तपासण्या आणि गोळ्यांची नोंद आरोग्य खात्याकडे, आहाराची नोंद महिला व बालविकास खात्याकडे. या दोन नोंदी जोडणे आणि त्या राज्याबाहेरच्या आशा सेविकेला दिसू देणे, हे नव्या योजनेपेक्षा कमी खर्चाचे काम आहे. तोवर साधा उपायही आहे. स्थलांतराच्या हंगामाआधी तांड्यांवर तपासणी व्हावी, निघणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला उरलेल्या दिवसांच्या सर्व गोळ्या एकदम द्याव्यात आणि हिमोग्लोबिनचा आकडा, तारीख व रक्तगट यांची चिठ्ठी मराठी-कन्नड दोन्ही लिपींत तिच्या हाती असावी. सीमेवरच्या बीदर, लातूर, नांदेड, कलबुरगी, सोलापूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी अशा चिठ्ठीला परस्पर मान्यता देण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची गरज नाही.

गोव्याच्या वाचकाला हा दूरच्या कोरड्या मुलखाचा प्रश्न वाटण्याची शक्यता आहे. परंतु गोव्याच्या बांधकामांवर रेती वाहणाऱ्या आणि घरांतील धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी उत्तर कर्नाटकातून येतात. त्या येथे असताना त्यांचे हिमोग्लोबिन तपासण्याची जबाबदारी येथील प्राथमिक आरोग्य केंद्राची आहे, मग त्यांचे कार्ड कोणत्याही राज्याचे असो. शिवाय गोव्याचे स्वतःचे आकडेही निश्चिंत राहण्यासारखे नाहीत. दोन फेऱ्यांदरम्यान येथील स्त्रियांमधील रक्तक्षय ३१.३ वरून ३९ टक्क्यांवर गेला आहे. मासळी, कडधान्ये, दवाखाने आणि रस्ते असलेल्या राज्यात हे घडते, याचा अर्थ केवळ गरिबीवर बोट ठेवून हा प्रश्न संपत नाही.

रक्तक्षयावरचे औषध स्वस्त आहे, त्याचे शास्त्र जुने आणि निर्विवाद आहे, योजना लिहून तयार आहे. उणीव आहे ती एवढीच, की योजना गावाचा हिशेब ठेवते आणि बाई गावात नसते. येत्या हंगामात सीमाभागातील तांडे पुन्हा रिकामे होतील. त्या वेळी निघणाऱ्या बाईच्या गाठोड्यात भाकरीबरोबर पुढच्या महिन्यांच्या गोळ्या आणि ती चिठ्ठी असेल का, यावर या मोहिमेचे यश मोजले गेले पाहिजे.